आईसाठी बुटकी केलेली गाडी

माझ्या लग्नाच्या सकाळी एक भलतीच गंमत झाली. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही कुंभकोणमचे, मुलगी आडुतुरैची, मुहूर्त नऊचा... आणि साडेआठ वाजता नवरदेव तिरुभुवनमच्या रस्त्यावर ताटकळत उभा!

त्याचं असं झालं. आईचे गुडघे पार गेले होते, आमच्या जुन्या मोटारीची उंच पायरी तिला चढवेना. 'मी नाही येत बाबांनो' म्हणून तिने घरीच राहायचं ठरवलं होतं.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हट्टाला पेटला. लोहाराकडून त्याने चारही स्प्रिंगांच्या थरातले दोन-दोन पोलादी पाटे काढून घेतले आणि गाडी वीतभर खाली आणली. ती मिळाली थेट लग्नाच्या सकाळी, म्हणून वऱ्हाड आदल्या दिवशीच पुढे आणि आम्ही तिघं मागे.

आई अलगद आत बसली. काय खूश होती! पण गाडीने जरा वेग घेतला की खड्ड्यागणिक चर्रर्र... टायर मडगार्डला घासायचं आणि रबर जळल्याचा वास यायचा. हळू गेलं की आवाज बंद. असे रखडतच आम्ही तिरुभुवनमपर्यंत आलो होतो.

"माझ्यापायी झालं सगळं. मला इथंच उतरवा रे, तुम्ही व्हा पुढं," आई रडकुंडीला आली. अण्णाने गाडी कडेला घेतली. मला तर मुहूर्तापेक्षा तिचा तो चेहरा बघवेना.

मी रागारागाने खाली उतरलो आणि चारही चाकं पाहिली. तीन टायर अगदी धड. घासलं होतं फक्त पुढचं उजवं... म्हणजे बरोबर ड्रायव्हरच्या खालचं. आणि ड्रायव्हर म्हणजे आमचा भीमासारखा अगडबंब अण्णा!

"अण्णा, उतर!" मी ओरडलो. तो उतरला आणि गाडीचा तो कोपरा दोन बोटं वर आला. अय्यो! आई रडता रडता अशी हसली की विचारू नका.

मग काय, अण्णा रस्त्यावरच मागे राहिला आणि नवरदेव स्टिअरिंगवर. जीव मुठीत धरून वेग वाढवला, कान टायरकडे... आवाज नाही! आडुतुरैला मांडवापाशी पोचलो, तर सासरे मागच्या सीटवर जावई शोधत होते, तोवर आई कुणाचा हात न धरता खाली उतरलीसुद्धा. हुश्श! मुहूर्ताला पाच मिनिटं होती.

अण्णा बैलगाडीने थेट पंगतीलाच पोचला. आल्या आल्या विचारतो कसा, "आई नीट उतरली ना?" मी मान डोलावली, तर एवढ्या धिप्पाड गड्याचे डोळे भरून आले.

पुढे आई होती तोवर गाडी तशीच बुटकी राहिली. आणि ती घासू नये म्हणून माझ्या अण्णाने दोन्ही वेळचा भात अर्धा केला.