तीन मोटरी आणि बाबांचं मशीन

रखमाबाईला आमच्या चाळीत कुणी निवडून दिलेलं नाही. अंबरनाथमधली साधी चाळ. टाकीत पाणी चढवायला प्रत्येकाची मोटर, आणि नळाला पाणी आलं की सगळे एकदम बटण दाबायचे. मग व्होल्टेज असं पडायचं की एकाचीही मोटर पाणी उचलायची नाही. रोज भांडणं. शेवटी एकदा ही बाई ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "आजपासून एका टायमाला चारच मोटरी. नंबर मी लावणार. ज्याला पटत नाय त्यानं बारवी धरणावरून हंडा आणावा." झालं. आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला जन्म गेलेला, तोंड तिथेच तयार झालेलं. मला तर तिचा भयंकर राग यायचा. माझ्या घरची मोटर लावायला हिची परवानगी कशाला?

मग माझ्या सासऱ्यांच्या, रामभाऊंच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. रात्रंदिवस लाईटवर चालणारं. व्होल्टेज पडलं की ते ओरडायला लागतं आणि हवा कमी होते. रखमाबाईनं कुणालाही न विचारता चाराच्या तीन मोटरी केल्या. त्यामुळे शेवटच्या खोल्यांचा नंबर लागायच्या आत पाणी जायला लागलं. लोक कुरकुरले, ते बाबांच्या कानावर गेलं. हा माणूस आयुष्यभर कुणाचा मिंधा राहिला नाही. तेरवा पाण्याच्या वेळी कपडे वाळत घालून आत येते तर मशीन बंद आणि बाबांचे ओठ निळे. बटण त्यांनी स्वतःच दाबलेलं. "लोकांना पाणी भरू दे, माया," एवढंच म्हणाले. मला रडू नाही आलं, संताप आला. रखमाबाईकडे जाऊन सगळं ओकले.

काल उन्हानं कहर केला. दुपारपासून घरोघर कूलर आणि एसी, आमचा पंखा कसाबसा फिरत होता. आदल्या दिवशी पाण्याचा खाडा झालेला, त्यामुळे सगळ्यांच्या टाक्या कोरड्या. त्यात मशीनच्या जोडीला ठेवलेला सिलिंडरही संपला. माझा नवरा सम्यक तो बदलून आणायला उल्हासनगरला गेला. रखमाबाई दारोदार सांगून आली, सम्यक येईपर्यंत एकही मोटर लावायची नाही, गल्लीतल्या खालच्या नळावर हातानं भरा.

संध्याकाळी पाणी आलं. बाबा कान लावून बसले होते. आणि कोपऱ्यातल्या राजूची मोटर घरघरली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीची, श्रद्धाची हळद, घर पाहुण्यांनी भरलेलं. आमचा दिवा मंदावला, मशीन ओरडू लागलं, आणि बाबांचा हात बटणाकडे गेला. मी तो दोन्ही हातांनी धरला. त्या काडीसारख्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "सोड गं पोरी," ते म्हणत होते, "दहा मिनिटांचा प्रश्न आहे." मी ओठ आवळून धरून राहिले. मला खूप भीती वाटत होती.

तेवढ्यात मोटर थांबली.

मीटरची पेटी आमच्या खिडकीखालीच आहे. बाबांची खाट खिडकीलगतच, हात न सोडता वाकून बघते तर रखमाबाई रबरी चपला घालून किटकॅट उपसत होती, फ्यूजचे ते पांढरे चिनीमातीचे ठोकळे. राजूचं काढलंन, मग एकेक करत सगळ्यांची, स्वतःचंसुद्धा. फक्त आमचं ठेवलं. सगळी चाळ अंधारात. आणि ही बया सगळी किटकॅट ओटीत घेऊन पेटीला पाठ लावून बसली.

राजू धावत आला. "ए म्हातारे, डोकं फिरलंय काय तुझं? पाहुण्यांना काय पाजू मी?" त्याच्यामागे आणखी चौघंपाच. यांनी तिला ओढून बाजूला केलं तर मी काय करणार होते? माझे दोन्ही हात बाबांच्या हातावर अडकलेले.

रखमाबाईनं आवाज चढवला नाही. "हळू बोल. रामभाऊ आत कान देऊन बसलाय. मोटर ऐकली की त्याचा हात बटणावर जातो. परवा आपल्या हातानं मशीन बंद केलंन त्यानं, तुम्हाला पाणी मिळावं म्हणून. हे घे तुझं किटकॅट. लाव मोटर." आणि खरंच हात पुढे केला.

राजूनं ते घेतलं नाही. मग घरातून हंडा घेऊन नळाकडे गेला. बाकीचेही गेले. लोक अंधारात पाणी वाहत होते, भांड्याला भांडं लागू देत नव्हते. एरवी हीच माणसं एका बादलीवरून एकमेकांच्या सात पिढ्या काढतात.

मशीन शांत झालं. बाबांनी बराच वेळ बाहेरचा कानोसा घेतला.

"माया, मोटरी का गं लागत नाहीत?"

"पाणीच नाही आलं आज, बाबा."

"राजूची लागली होती की."

"रिकामीच लावून बघितली त्यानं."

बाबांचा हात सैल पडला, मी तो सोडला. त्यांनी डोळे मिटले.

"बरं झालं," ते म्हणाले. "आज तरी माझ्यामुळे कुणाचं अडलं नाही."