क्रेनचा श्वास

गोदामात त्याला सगळे क्रेन म्हणायचे. खरीखुरी क्रेन आली तेव्हा बाकीच्या हमालांनी नाकं मुरडली, "आपली जुनीच बरी. डिझेल मागत नाही, नुसत्या चहावर चालते." हे ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गोणी उचलताना श्वास छातीत कोंडायचा आणि ती थप्पीवर टेकेपर्यंत सोडायचा नाही, असं मुकादमाने त्याला पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतं. जन्मभर त्याने तेच केलं.

काम सुटलं आणि थोड्याच दिवसांत बायकोला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं निम्मं उरलं. मग क्रेन घरात कामाला लागली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा पलंगावर. त्याची कंबर धरायला लागली, रक्तदाब चढला. लेकीने स्पष्टच सांगितलं, "बाबा, तुम्ही पडलात तर दोघांना कोण उचलणार? आईला शुश्रूषा केंद्रात ठेवू या."

"मला उचलता येतंय तोवर ती कुठेही जाणार नाही," तो म्हणाला. विषय तिथेच मिटला, म्हणजे त्याच्यापुरता.

डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या योगवर्गात पाठवलं. म्हाताऱ्यांचे चाळे, असं पुटपुटतच तो गेला. हात गुडघ्यांच्या खाली जाईनात. शिकवणाऱ्या बाई सारख्या टोकायच्या, "आजोबा, श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडा."

"श्वास सोडला तर गोणी पडते, बाई."

"अहो, इथे गोणी कुठंय?"

अख्खा वर्ग हसला. तोही हसला, पण जन्माची खोड अशी हसून जाते थोडीच! बाईही चिवट होत्या. दुखलं की थांबायचं, कुणाशी चढाओढ करायची नाही, श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा. काही उचलायचंच झालं तर गुडघ्यात वाकून, ओझं पोटाशी घेऊन, सोडत्या श्वासावर. हे सगळं त्यांनी त्याच्याकडून घोटून घेतलं.

घरी तो मोठ्याने उजळणी करायचा आणि बायको पडल्या पडल्या ऐकायची. गिळताना ठसका लागला की ती घाबरीघुबरी व्हायची. आता ओठांचा चंबू करून तीही सावकाश श्वास सोडायला शिकली. हळूहळू त्याला झोप लागायला लागली, कंबर मोकळी झाली, उठसूट चिडणं कमी झालं. तिला उचलताना दोघं मिळून "फूऽ" करायची. संसारात पहिल्यांदाच काहीतरी जोडीने करायला मिळालं, याचं तिला कोण सुख!

एकदा लेक आली ती केंद्रातली खोली बघूनच. एक खाट रिकामी आहे म्हणाली. त्याचं डोकंच फिरलं.

"थांब, तुझा बाप अजून काय चीज आहे ते बघ," म्हणत तो पलंगाशी गेला. बायको "फू, फू" करून त्याला आठवण देत होती. ऐकतो कोण? गुडघ्यात वाकणं नाही, पोटाशी घेणं नाही. त्याने छाती भरून घेतली, श्वास कोंडला आणि एका झटक्यात तिला उचलून उभा राहिला, गोदामात राहायचा तसा. लेकीकडे बघून हसलासुद्धा. मग डोळ्यांपुढे अंधारी आली.

तो पडला तो तिच्यावरच. तिच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला साधं खरचटलंही नाही. मेल्या, निदान एखादी बरगडी तरी मोडायची होती तुझी, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला म्हणत राहिला.

आता ती केंद्रातच असते. तो रोज जातो. तिला उचलायला दोन परिचारिका येतात. त्यांनी हात लावायच्या आधीच ती ओठ पुढे काढून "फूऽ" करते. नवीन आलेली एखादी पोरगी कौतुकाने विचारते, "आजी, हे कुणी हो शिकवलं?" ती डाव्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवते.

तो भिंतीला टेकून उभा असतो, छाती भरून, श्वास कोंडून. पोरी तिला अलगद खाली ठेवतात, पांघरूण घालतात, निघूनही जातात.

"अहो, सो... सोडा," ती पलंगावरून सांगते.

त्याला सोडवत नाही.