डाव्या हाताची विहीर

आमच्या डायनिंग टेबलावर गेलं वर्षभर कुणी जेवलेलं नाही. तिथे रेल्वे स्टेशन आहे. पाहुणे आले की त्यांना सतरंजीवर बसवायचं, पोह्यांची प्लेट हातात द्यायची आणि "तिकडे हात नका लावू, रंग ओला आहे" असं बजावायचं, हा आमच्या घरचा रिवाज होऊन बसला आहे.

हे स्टेशन माझ्या नवऱ्याचं. पंचशील ढोके, इंदूरच्या एका विमा कंपनीत मोटर क्लेम बघतो. दिवसभर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि मालक सांगतोय तसाच मार लागलाय की नाही ते ठरवायचं, हे त्याचं काम. त्यामुळे माणसांच्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास कधीच उडालेला आहे. "सगळ्यांचं ऐकायचं, पण मानायचं फोटोचं," असं तो म्हणतो. मी भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये बायोलॉजी शिकवते. लग्न होऊन अकोल्याहून इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, नवऱ्याला काहीच नाद नाही, सुटले. सुटले कसली!

त्याचे आजोबा महूला पलटणीत होते. वडील रेल्वेत, पॉइंट्समन. महूच्या पुढे घाटात आमलीघाट नावाचं मीटरगेजचं एवढंसं स्टेशन होतं, तिथे रूळ बदलायचं काम करायचे, राहायलाही तिथल्याच रेल्वे क्वार्टरमध्ये. पंचशील पाळण्यात असतानाच तापाने गेले. त्याची आई, गिरिजाबाई, कडेवरचं पोर घेऊन इंदूरला आली आणि एका शाळेत शिपायाची नोकरी करून तिने त्याला शिकवलं. पुढे मीटरगेज उखडली गेली आणि तिच्याबरोबर आमलीघाटही गेलं. ना भिंत उरली, ना पाटी. ज्या घरात आपण जन्मलो ते घर पंचशीलला आठवत नाही, आणि आता बघायला जावं तर ते जागेवरही नाही. म्हणून ते डायनिंग टेबलावर.

घाई होती ती आईंच्या डोळ्यांमुळे. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईने स्टेशन एकदा बघायला हवं, हे पंचशीलच्या मनाने घेतलं.

पण करायचं कशावरून? महूच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने स्टुडिओ बंद करताना जुन्या निगेटिव्हचे डबे काढले होते. पंचशील रविवारच्या रविवार तिथे जाऊन बसायचा. शेवटी 'आमलीघाट' लिहिलेलं एक पाकीट मिळालं आणि त्यात निगेटिव्हची एक पट्टी. ती त्याने ऑफिसच्या स्कॅनरवर स्कॅन केली, कडा कापल्या, मोठे प्रिंट काढले आणि टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवले. एका फोटोत इंजिनाशेजारी दोन माणसं होती. आईंनी प्रिंट डोळ्यांना लावून पाहिला.

"हे तुझे बाबा." मग प्रिंट पुन्हा डोळ्यांशी नेऊन म्हणाल्या, "पण चेहरा काही वेगळाच वाटतो रे."

"आई, इतके साल झाले ना," पंचशील म्हणाला.

त्यानंतर तो जो कामाला लागला, त्याला तोड नाही. खेळण्यातलं स्टेशन आणि खरं स्टेशन यात फरक कशाचा, तर घाणीचा, असं त्याचं शास्त्र. फोटोवर भिंग धरायचा आणि बघत बसायचा. रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा. पाण्याच्या नळाखाली शेवाळ. क्वार्टरच्या भिंतीला पावसाचे ओघळ, तारेवर वाळत घातलेलं लुगडं. सगळं तसंच्या तसं यायला हवं. जमिनीसाठी चहाचा चोथा वाळवायचा, म्हणून आमच्या गच्चीवर कायम वर्तमानपत्रं पसरलेली. कोळशासाठी खरा कोळसा कुटला. मी पोळीभाजीला हाका मारून थकायचे आणि हा म्हणायचा, "बस, दो मिनिट, गंजाचा रंग सुकून राहिला आहे."

घोडं अडलं ते विहिरीपाशी.

आईंनी एक दिवस टेबलावरून हळूच हात फिरवला. क्वार्टरच्या दाराशी बोट नेलं, तिथून पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "विहीर कुठे गेली?"

"ही ना. इकडे."

"इकडे तर चिंच होती. दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला विहीर, उजव्या हाताला चिंच."

पंचशीलला वाटलं, त्यांची समोरून बघताना गफलत होतेय. त्याने पुठ्ठ्याची एक बाई कापली, दारात उभी केली, तोंड बाहेरच्या बाजूला. "ही तू. आता सांग."

"डाव्या हाताला विहीर," आई म्हणाल्या.

फोटोत ती उजव्या हाताला होती. एका नाही, सगळ्या फोटोंत. क्वार्टर, विहीर, चिंच, मागचा डोंगर, सगळे फोटो एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. जुळत नव्हत्या त्या फक्त आई. नंतर त्या म्हणाल्या, डोंगर महूच्या बाजूला नव्हताच. मग म्हणाल्या, पाण्याचा नळ फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. दर वेळी पंचशील भिंगातून फोटो बघायचा आणि दर वेळी त्याचा चेहरा उतरायचा.

एकदा स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "दीक्षा, आईचं डोकं तर नाही ना जाऊन राहिलं?"

तो प्रश्न मलाही पडला होता, मी फक्त तोंडाबाहेर काढला नव्हता.

एकदा शंका घरात शिरली की घरातली भांडीकुंडीसुद्धा तिच्या बाजूने साक्ष द्यायला लागतात. दूध उतू गेलं. माझ्या हातून आठवड्यातून एकदा जातं, पण त्या दिवशी ते आईंच्या हातून गेलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. चष्मा कपाळावर ठेवून त्या चष्मा शोधत होत्या. कोचिंगमध्ये मुलांना मेंदूचे भाग शिकवताना माझाच आवाज बसायला लागला. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काही शब्द पाठ करून घेतले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, जे आईंना धड दिसतही नव्हतं, आणि म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, पण लक्ष ठेवा. ते 'ठीक आहे' आम्ही दवाखान्यातच विसरलो. 'लक्ष ठेवा' तेवढं घरी आणलं.

मग आम्ही लक्ष ठेवायला लागलो. आधी गॅसचा लायटर कपाटात गेला. मग त्यांच्या कमरेची घराची किल्ली. बुद्धविहारात त्या एकट्या जायच्या, तेही थांबवलं. आईंनी एका शब्दाने विचारलं नाही. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला सारखं वाटायचं.

आणि एका सकाळी त्या आपणहून टेबलापाशी आल्या. पुठ्ठ्याच्या बाईला बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, "पंचू, तुझंच बरोबर आहे. विहीर उजव्याच हाताला होती."

"आठवलं ना तुला?" तो इतका खूश झाला!

"हो," आई म्हणाल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. त्या दिवसानंतर आमलीघाटचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं नाही.

शेवटचं काम माझ्याकडे आलं. माणसं रंगवायची. चिमटा आणि सुई धरायची मला सवय, हात हलत नाही, म्हणून बाबांचा अर्ध्या बोटाएवढा पुतळा पंचशीलने माझ्या हवाली केला. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. मी भिंगाखाली फोटो धरला. पांढरा हाफशर्ट, हातात झेंडी, खिशातून डोकावणारं विडीचं बंडल. मी खिसा रंगवायला सुई टेकवली आणि थांबले. खिसा छातीच्या उजव्या बाजूला होता.

शिंप्याची चूक असेल, म्हटलं. शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्याचाही खिसा उजवीकडे. एक शिंपी चुकेल, पण दोघांचे शिंपी एकदम कसे चुकतील?

"पंचशील, तुझ्या शर्टाचा खिसा कुठे आहे?"

त्याने खाली पाहिलं. मग फोटोकडे. मग तो उठला, कपाटातून निगेटिव्हची पट्टी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पट्टीच्या कडेला बारीक आकडे असतात. त्याच त्या कडा, ज्या त्याने प्रिंट काढताना कापून टाकल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोसारखी पट्टी धरली, तर आकडे उलटे दिसत होते. त्याने पट्टी फिरवली. आकडे सुलटे झाले आणि विहीर पलीकडे गेली.

स्कॅन करतानाच पट्टी पालथी ठेवली गेली होती. स्टेशनची पाटी किंवा इंजिनाचा नंबर एकाही फोटोत आलेला नव्हता, नाहीतर आधीच कळलं असतं. सगळे फोटो एकमेकांशी जुळत होते, कारण सगळ्यांची चूक एकच होती.

पंचशील तिथेच जमिनीवर बसला. लोकांचे खोटे फोटो पकडून पगार घेणारा हा माणूस. मला त्याचा राग आला, माझाही आला, आणि त्याची दयाही आली.

आई आतल्या खोलीत मटार सोलत होत्या. तो त्यांच्या पायाशी जाऊन बसला. "आई, तूच सही होती. फोटो मीच उलटा छापला."

त्यांचे हात थांबले. "म्हणजे विहीर?"

"डाव्या हाताला."

मला वाटलं, आता त्या हसतील, निदान चार शब्द सुनावतील. आई म्हणाल्या, "मला आता नाही सांगता येणार रे. तुम्ही दोघं शिकलेले. फोटोत दिसतंय म्हणालात, तेव्हा मी घाबरले. रोज डोळे मिटून त्या दारातून बाहेर पडून पाहायचे. आधी विहीर बरोबर सापडायची. मग कधी इकडे, कधी तिकडे व्हायला लागली. म्हटलं, गेलं माझं डोकं. हो म्हणून टाकावं, म्हणजे तुम्ही असं बघणार नाही माझ्याकडे."

पंचशीलने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मटारचं ताट लवंडलं, कुणी उचललं नाही.

थोड्या वेळाने आईच उठल्या. खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटले, डावा हात कमरेवर घागर घेतल्यासारखा वळवला आणि चौकट ओलांडली. एक क्षण त्या अडल्या. मग त्या डावीकडे वळल्या, अगदी सावकाश, आणि वाकून काहीतरी खाली ठेवलं.

"इथे," त्या म्हणाल्या.

पंचशीलने कपाट उघडलं. लायटर आणि किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. आईंनी किल्ली कमरेला खोचली, लायटर घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंत चाचपत चहा टाकला. आम्ही दोघं टेबलापाशी बसून राहिलो, आत जायचं नाही असं न बोलताच ठरवून. तो चाकूच्या टोकाने विहीर सोडवायला लागला होता.

चहा आला. पहिल्याच घोटाला कळलं, साखर दोनदा पडली होती. नजरेमुळे, आनंदामुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे. जुनी शंका पुन्हा जागी झाली. मी पंचशीलकडे पाहिलं नाही, त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

"कसा झाला?" आईंनी विचारलं.

"एक नंबर," पंचशील म्हणाला आणि कप संपवून पुढे केला. "अजून आहे का?"