चादरीखालचा हात

माझा उजवा हात वाचला तो मिरजेच्या दवाखान्यातल्या सिस्टरांमुळं. घर लांब बीडकडं, शाळा सातवीत सुटली, कुपवाडात वेल्डिंग करतो. हात गेला तर माझ्यापाशी दुसरं काही नाही.

तापात सलाईन लावलेलं. सुईची जागा लाल होऊन ठणकायला लागली, पण पुन्हा टोचतील म्हणून मी हात चादरीखाली घेतला. सिस्टर फार दमलेल्या असायच्या. दर खाटेला हात धुताना सुस्कारा टाकायच्या, पण धुवायच्याच. मग आधी सुई बघायच्या, माणूस नंतर.

त्यांनी चादर सारली. "दुखतंय व्हय रं?"

"नाही, सिस्टर."

"मग पू झाल्यावर सांगणार हायस?"

सुई काढून त्यांनी डाव्या हाताला नवी लावली. सूज उतरली.

सिस्टर, तुमच्या घराचं गेट कधीतरी मीच करून देईन.