आदी चेसीस, मगे बॉडी

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर बंद करायची वेळ आली की टिपरकाका त्याच्या डब्यावर तळवा टेकवायचे, गाडीच्या बॉनेटवर ठेवावा तसा. मी बटणाकडे हात नेला की म्हणायचे, "एकदम बंद करू नको गो बाय. दोन मिन्टां चलांदे." कॉम्प्युटरला याची काही गरज नसते, हे मी त्यांना दहादा तरी सांगितलं असेल. "इंजिनाक असता," एवढंच उत्तर.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं लहानसं दुकान आहे. काका मूळचे सिंधुदुर्गातले. तरुणपणी खाणीवर टिपर, म्हणजे तांबड्या लोहखनिजाचा ट्रक, चालवायला आले आणि जवळच सर्वणला घर करून राहिले. टिपर स्वतःचा होता. खाणी बंद पडल्या, टिपर अंगणात गंजत राहिला आणि शेवटी भंगारात गेला. पुढे साखर डोळ्यांत उतरली आणि दुसऱ्यांच्या गाड्या चालवणंही सुटलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात आणि प्रत्येक वळणावर आपलाच पाय दाबतात.

एकदा ते झेरॉक्स काढायला आले. मी कुणाचा तरी कॉम्प्युटर तपासत होते आणि पडद्यावर ट्रक चालवायचा गेम चालू होता. काका अर्धा तास उभेच. झेरॉक्स राहिलीच.

"ह्येका गिअर असत?"

"असतात. स्टिअरिंग आणि गिअर वेगळे मिळतात."

"माका व्हयो असलो एक," ते म्हणाले. "स्वस्तातलो. पण चलाक व्हयो."

पुढच्या आठवड्यात म्हापशाहून बसने मांडीवर खोकं घेऊन आले. आत रिकामा कॅबिनेट, तोही इवलासा. मला हसू आवरेना. "काका, आधी प्रोसेसर ठरवतात. मग त्याला चालणारा मदरबोर्ड, मग बाकीचं. डबा सगळ्यात शेवटी!"

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ट्रक कसो घेतत? आदी चेसीस येता, नुसतो सांगाडो. मगे गॅरेजीत बॉडी बांदतत."

त्या डब्याच्या मापाने मी अख्खा कॉम्प्युटर बेतायला घेतला. नेहमीचा मदरबोर्ड आत मावेना, म्हणून लहान शोधला. त्यावर रॅमसाठी दोनच खाचा. तो जुन्या पिढीच्या प्रोसेसरचा, मग तसला प्रोसेसर वापरलेला मिळवला. ग्राफिक्स कार्ड एका पंख्याचं, आखूडच हवं. वीजपुरवठ्याचा भाग मात्र मी हलका सुचवला आणि काकांनी तो साफ नाकारला.

"ओव्हरलोड नको. मी जलमभर ओव्हरलोड मारलंय. हय चढणीर एक्सल तुटलो, तेवा कळला."

जड घेतला. त्यांचंच बरोबर होतं. आजही गिऱ्हाइकाला मी तेच सांगते, त्यांच्याच सुरात.

प्रत्येक वेळी काय घ्यायचं ते काका खाणीच्या जुन्या खेपांच्या चिठ्ठ्यांमागे लिहून आणायचे. पहिल्या चिठ्ठीवर सहा वस्तू होत्या. मग चार. अक्षर दर खेपेला मोठं होत गेलं. शेवटच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, कार्ड, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. "काका, दुकानाची पाटी रंगवताय की काय?" मी चिडवलं. ते हसले. मीही हसले. ती चिठ्ठी माझ्या हातात होती, आणि मला काही कळलं नाही.

कार्ड तेव्हा मिळत होतं. पण मला माझ्या हुशारीचा भारी अभिमान. "थांबा काका, नवीन कार्ड येतंय. ह्याची किंमत उतरेल." ते आलं, तेव्हा पुन्हा म्हटलं, अजून महिनाभर थांबा. काकांनी काउंटरवर बोटं फिरवली. "तू म्हणतस तर थांबया. पण डोळे थांबतले मां?" नेहमीची थट्टा, असं मला वाटलं.

शेवटी कार्ड स्वस्तात मिळालं. त्या छोट्या डब्यात ते नखाएवढ्या फटीने बसलं, तेव्हा मीच टाळी वाजवली. सगळं रिक्षात घालून दुपारी सर्वणला गेले. काका खाकी शर्ट घालून तयारच होते. मी स्टिअरिंग टेबलाला आवळलं. त्यांनी चपला काढल्या, त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि बसले.

इंजिन सुरू झालं. काकांनी नुसत्या आवाजावर गिअर टाकला. पहिला, दुसरा, तिसरा. एकही चुकला नाही. पहिलं वळण आलं आणि ट्रक सरळ जाऊन कठड्यावर आदळला. काकांनी ब्रेक दाबला. खूप हळू विचारलं, "बाय, स्क्रीन लायलंस मां?"

स्क्रीन त्यांच्या नाकासमोर उजळलेला होता.

दारातून काकी म्हणाल्या, "म्हयनो झालो. कायच दिसणा नाय तेंका. तुका सांगू नको म्हणाले. पोरीक वायट वाटतला म्हणान."

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी थांबवलेला तोच महिना. काकांनी मात्र स्टिअरिंग सोडलं नव्हतं. "रस्तो सांग तू. मी चलयतंय." मी शेजारी स्टुलावर बसले आणि सांगू लागले. डावीकडे काका. आता सरळ. समोर उतार आहे. ट्रक डुलत डुलत निघाला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "रस्तो तांबडो असा?"

पडद्यावर कुठल्याशा परदेशातला काळा डांबरी रस्ता होता, दोन्ही बाजूंना बर्फ.

"होय काका," मी म्हटलं. "तांबडालाल आहे. धूळ उडतेय."

"मगे काच वर करूक व्हयी," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला तोंड फिरवावं लागलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी काकी रस्ता सांगायच्या. टिपरच्या केबिनमध्ये जन्मात न बसलेली बाई, "डावीक घेवा, डावीक!" म्हणून ओरडायची, असं शेजारी सांगतात.

चतुर्थीच्या आधी काका गेले. बाराव्यानंतर काकींचा फोन आला, कॉम्प्युटर घेऊन जा, कुणा गरजवंताला दे. मी गेले. स्टिअरिंगवर जास्वंदीचं फूल होतं, त्या दिवशीचं ताजं. नेण्याआधी सगळं नीट चालतंय ना, म्हणून मी कॉम्प्युटर सुरू करून तोच गेम लावला. इंजिनाचा आवाज घरभर भरला. काकी पदराला हात पुसत आतून आल्या आणि डब्यावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. माझा हात बटणाकडे गेला.

"एकदम बंद करू नको गो," त्या म्हणाल्या. "दोन मिन्टां चलांदे."

दोन मिनिटं झाली. पाच झाली. बटणाला हात लावायचा धीर आम्हा दोघींपैकी कुणालाच होईना.