कोटावर झोपलेली म्हातारी

गल्लीतली शिवणकामवाली सगळ्यांची मांजरमावशी. लोकांनी टाकलेली मांजरं आणायची, बरी करायची आणि घर बघून द्यायची. घर बघायची तिची तऱ्हाच न्यारी. चौकश्या नाहीत, फॉर्म नाही. ज्या घराला मांजर हवं, त्या घरातलं एक वापरलेलं, न धुतलेलं कापड मागवायचं आणि टोपलीशेजारी टाकायचं. मांजर त्यावर झोपलं तर ठरलं, नाहीतर माणूस कितीही गोडबोल्या असला तरी वाटाण्याच्या अक्षता.

"पोरगी देतानाही कुणी एवढं बघत नाही," बहीण टोमणा मारायची.

"बघायला हवं," मावशी सुईत दोरा ओवत म्हणायची.

या खेपेला आली ती करडी, थकलेली मांजर. मावशी तिला म्हातारीच म्हणायची. मालकीण वारली आणि म्हातारीने अन्नाला तोंड लावायचं सोडलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "उद्यापर्यंत खाल्लं नाही, तर ही हाती लागायची नाही." तीन घरांची कापडं आली. एक टॉवेल, एक शाल, एक लेकराचा स्वेटर. बाईसाहेबांनी तिन्हींकडे पाठ फिरवली. मावशीचा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर टोपली रिकामी. सगळं घर पालथं घातलं, आणि म्हातारी सापडली ती शिलाई मशीनखाली. गिऱ्हाइकाचा कोट पिशवीतून ओढून काढून त्यावर गाढ झोपली होती.

कोट घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा. बायको गेल्यापासून काका नुसते वाळत चालले होते, म्हणून कोट कमरेत चार बोटं आत घ्यायला टाकलेला. मांजराचं त्यांनी कधी नावही काढलं नव्हतं. न मागणाऱ्याला मांजर द्यायचं नाही, हा मावशीचा नियम. आज नियम गेला चुलीत. कोटासकट म्हातारीला उचलून, वाटीत थोडा मासा घेऊन तिने काकांचं दार गाठलं.

"अहो, माझंच मला होत नाही," काका म्हणाले. "मांजर कुठे सांभाळू?"

"सांभाळू नका. एवढा मासा फक्त तिच्यापुढे धरा." मावशी रडकुंडीला आली होती.

काका कसेबसे जमिनीवर टेकले. म्हातारीने त्यांचं बोट हुंगलं, बराच वेळ हुंगलं. मग चाटलं. मग एक घास घेतला, आणखी एक घेतला. मावशीने तोंडावर हात धरला. शंभरावर मांजरं तिच्या हातून गेली होती, पण असलं काही तिने पाहिलं नव्हतं. कुठल्या खुणेने त्या एवढ्याशा जिवाला हा माणूस कळला, देव जाणे. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

खाता खाता म्हातारी थांबायची आणि मान वर करून काकांकडे बघत राहायची.

"हिला एकटीने जेवायची सवय नसणार," काका म्हणाले. ते उठले, सकाळपासून झाकून ठेवलेलं आपलं ताट घेऊन आले आणि तिच्यासमोर बसून जेवू लागले.