माहेरचं बुकिंग

शेतातलं ते दगडी घर नेमकं किती जुनं, हे कुणालाच सांगता येत नसे. दाराच्या चौकटीवर कोरलेलं साल वाऱ्यापावसाने पार झिजून गेलं होतं. नवरा गेल्यावर एवढ्या मोठ्या घरात वहिनी एकट्याच उरल्या. आसपासची लहानथोर माणसं त्यांना वहिनीच म्हणत. मुलगा म्हणाला, "आई, शहरातले लोक सुट्टी घालवायला असली घरं शोधत असतात. खोल्या देऊ या." वहिनींनी कानांवर हात ठेवले. परक्या माणसांनी आपल्या गाद्यांवर लोळायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना. पण एक हिवाळा नुसती घड्याळाची टिकटिक ऐकण्यात गेला, तेव्हा त्यांनीच फोन केला. "बोलाव बाबा तुझ्या लोकांना."

लोक आले आणि वहिनी त्यात रमल्या. सकाळी ताजं दूध, उन्हात वाळलेल्या चादरी, आणि गोठ्यापासून माळ्यापर्यंत सगळं घर हिंडवून दाखवणं. बोलायला माणूस मिळालं की त्यांची कळी खुलायची.

एका दुपारी कुणा तरुण बाईच्या नावाने एकटीसाठी बुकिंग होतं. गाडी थांबली आणि आतून उतरल्या त्या वहिनींच्या नणंदबाई. सासूबाई गेल्यापासून दोघींमध्ये बोलणं बंद होतं.

"सुनेने तिच्या नावावर केलं," नणंद म्हणाली. "माझं नाव पाहून तू नाही म्हणाली असतीस."

सवयीने वहिनींनी बॅग उचलली आणि प्रत्येक पाहुण्याला विचारायच्या तेच विचारलं, "प्रवास नीट झाला ना?"

"झाला," नणंदही पाहुण्यासारखीच म्हणाली.

दिलेली खोली कोपऱ्यातली, म्हणजे सासूबाईंची होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा नणंद त्यांना घेऊन जायला आली होती. तिच्या घरी पलंग तयार होता, डॉक्टर ठरला होता. सासूबाई भिंतीकडे तोंड करून "मी येत नाही" एवढंच म्हणाल्या. वहिनीने आईचे कान भरले, अशी नणंदेची खात्री झाली. अंगणात चारचौघांसमोर ती म्हणाली होती, "आईला तू कोंडून ठेवलंयस." पुढे आईच्या आणि मग भावाच्याही अंत्यविधीला आली, ती पाण्याचा घोटही न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी एका कुटुंबाला घर दाखवताना नणंद मागे मागे चालत होती. कोपऱ्यातल्या खोलीचं दार वहिनींनी नुसतं उघडलं. तेव्हा नणंदच बोलली, "इथे माझी आई झोपायची. थंडीतही खिडकी उघडी लागायची तिला." पाहुण्यांचे आवाज आपोआप खाली आले.

दुपारी वहिनी दोरीवरच्या चादरी काढत होत्या. नणंद आली आणि न विचारता चादरीची दुसरी टोकं धरून उभी राहिली.

"वहिनी, आई माझ्याकडे का आली नाही?"

वहिनींनी घडी जुळवली. "त्या म्हणाल्या, लेकीकडे मी पाहुणी होईन. पाणी मागतानाही विचार करावा लागेल. इथे हक्काने ओरडता येतं."

"कुणावर?"

"माझ्यावर. आणखी कुणावर ओरडणार?"

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगू नकोस म्हणाल्या. तुमचं मन दुखेल म्हणून."

"आणि तसं दुखलं नाही वाटतं?"

"आणि माझं, वन्सं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहिनींचा आवाज चढला. "मी सगळ्यांच्या डोळ्यांत वाईट झाले, ते?"

नणंदेच्या हातातली टोकं सैल पडली. तिने विचारलं, "खूप ओरडायची?"

"रोज. चहात साखर कमी म्हणून. मग जास्त झाली म्हणून."

नणंद हसली, आणि हसता हसता पालथ्या टोपलीवर बसून रडू लागली. वहिनी जवळ गेल्या नाहीत. तिला रडू दिलं. बाकीच्या चादरींच्या घड्या त्यांनी एकट्यानेच केल्या.

लगेच सगळं गोडीगुलाबीचं झालं, असं नाही. आपल्या लहानपणीच्या खोलीचं न्हाणीघर झालेलं पाहून नणंदेने निघताना पुन्हा वाद घातला. "निदान विचारायचंस तरी."

"बोलत कुठे होतात तुम्ही, की विचारू?"

पण त्यानंतर नणंद दर वर्षी येऊ लागली.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तर महिनाभर घर तिनेच सांभाळलं. पाहुण्यांना ती बूट बाहेर काढायला लावायची, ताटात अन्न टाकलं तर सरळ जाब विचारायची. एका कुटुंबाने लेखी तक्रार केली की, या घरातल्या बाई आम्हाला रागावतात. मुलाने ती पलंगावर पडलेल्या वहिनींना वाचून दाखवली.

"काय उत्तर लिहू?" त्याने विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "लिही, की त्या घरच्याच आहेत."